तेरा नंबरचा पाना

१

त्या हिवाळ्यात अत्रावलकरांच्या घरात जेवायला टेबल उरलं नव्हतं. टेबलावर सिलिंडर हेड होतं. चार पिस्टन लाडवांच्या परातीत होते. इंजिनातले सगळे व्हॉल्व्ह पुठ्ठ्याला भोकं पाडून ओळीनं खोचले होते आणि तो पुठ्ठा देवघराच्या फळीवर ठेवला होता, कारण घरात तेवढ्याच एका जागेला कुणी उगाच हात लावत नसे. उल्काबाई पूजेला बसल्या की हळदीकुंकवाचं बोट एखाद्या व्हॉल्व्हलाही लागून जायचं. आणि ज्या गाडीचा हा सगळा ऐवज, ती बाहेर पोर्चमध्ये लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. लाल, बुटकी, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार. तिच्यात बसायला गेलं की आपण बसतोय की पडतोय हे कळत नसे.

गोपीनाथराव अत्रावलकर मूळचे भुसावळकडचे. लखनौच्या लोकांनी आडनाव ऐकून ते उत्तर प्रदेशातल्याच अतरौली गावचे असावेत असं परस्पर ठरवून टाकलं होतं, आणि गोपीनाथरावांनीही ते खोडून काढायचा नाद केव्हाच सोडला होता. सगळी नोकरी लखनौतच, आलमबागच्या बाजूला रेल्वेच्या इंजिन कारखान्यात झाली. निवृत्त झाल्यावर विकास नगरात घर बांधलं आणि कारखान्याच्या सवयी त्यात राहायला आणल्या.

त्यातली एक सवय म्हणजे लाल पाटी. माणूस इंजिनाखाली शिरला की आधी ती पत्र्याची पाटी लटकवायची: काम चालू है, हिलाना मना है. ज्यानं लावली त्यानंच ती काढायची. दुसऱ्या कुणी, अगदी साहेबानंसुद्धा, तिला हात लावायचा नाही, कारण पाटी आहे याचा अर्थ खाली माणूस आहे. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळाबरोबर गोपीनाथरावांनी स्वतःची पाटीही पिशवीत घालून घरी आणली. एकदा त्यांनी ती गिझरला लावली आणि तशीच ठेवून भुसावळला लग्नाला गेले. ते परत येईपर्यंत ऐन थंडीत घरानं गॅसवर पाणी तापवून आंघोळी केल्या, पण पाटीला कुणी हात लावला नाही. अशी शिस्त.

आता निवृत्त माणसानं बंद पडलेली स्पोर्ट्स कार का घ्यावी, असं शेजारच्या रस्तोगीजींनी विचारलं तेव्हा गोपीनाथरावांनी शौक म्हणून सांगितलं. लखनौत हे उत्तर चालतं. शौकाला इथं कुणी कारण विचारत नाही. खरं कारण हिमानी होतं.

हिमानी त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी बाप जुन्या गाडीखाली आडवा झाला की ही शेजारी स्टुलावर बसायची. बाप तळवा वर करून हात बाहेर काढायचा आणि बोलायचा काही नाही. हिनं ओळखायचं, आणि बरोबर नंबरचा पाना त्या तळव्यावर ठेवायचा. चुकीचा ठेवला की हात तो हलकेच फरशीवर ठेवून पुन्हा तसाच उघडा राहायचा. त्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर कारखान्यात भाजल्याचा पांढरा डाग होता, आणि हिमानीला बापाचा चेहरा आठवायच्या आधी तो डाग आठवत असे. पुढे तीही इंजिनांचीच इंजिनिअर झाली आणि आता तिला पुण्यात मोठ्या कंपनीत नोकरी लागली होती. जानेवारीत जायचं होतं. गाडी दारात आली तेव्हा तिनं बापाला शब्द दिला, "इंजन स्टार्ट करके ही जाऊँगी बाबा, वादा."

गोपीनाथरावांना त्यातलं फक्त एवढंच ऐकू आलं की इंजिन चालू झालं नाही तर ती जाणार नाही.

२

मग गाडीचं काम रेल्वेच्या वेळापत्रकानं चालू लागलं. पिस्टनच्या रिंगा गावातच लाटूश रोडला मिळायच्या, तर गोपीनाथराव त्या कानपूरहून मागवायचे. सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतली पोकळी, घासून आणलेला होता, तो त्यांना पुन्हा मापावासा वाटायचा. हिमानी मात्र दोन हातांनी काम ओढत होती. शेवटी एका दुपारी पिस्टनची गजन पिन, म्हणजे पिस्टन ज्या जाड पोलादी दांड्यावर हलतो तो दांडा, त्यांनी गुपचूप उचलली आणि पोह्यांच्या डब्यात खोल खुपसली. साठी उलटलेला माणूस, हाताखाली शेकडो माणसं वागवलेला, पोह्यांत हात घालून उभा राहिला. त्यांना लाज वाटली, पण पिन त्यांनी बाहेर काढली नाही.

सगळ्यांनी पिन शोधली. सगळ्यांत जास्त गोपीनाथरावांनीच शोधली, अगदी सोफा उलटा करून. तशी पिन मिळेना म्हणून हिमानी दिल्लीपर्यंत फोन करत राहिली, आणि त्यात काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी उल्काबाईंनी पोहे करायला डबा उघडला. त्या पिन घेऊन बाहेर आल्या, ती नवऱ्याच्या बशीशेजारी चमच्यासारखी ठेवली आणि परत आत गेल्या.

गोपीनाथराव वयाबद्दल, विसराळूपणाबद्दल काहीतरी पुटपुटले. हिमानी हसली आणि तिनं विचारलं, बाबा, तेरह नंबर का पाना कहाँ रखा? सुबह आपने लिया, फिर लौटाया ही नहीं.

गोपीनाथरावांनी पाना घेतला नव्हता. सकाळी ते घरातच नव्हते. धुकं असूनही रस्तोगीजींबरोबर पार्कात फिरायला गेले होते आणि रस्तोगीजींच्या गुडघेदुखीचं आख्यान ऐकून नुकतेच परतले होते. तसं त्यांनी सांगितलं. हिमानी म्हणाली, असं कसं, तुम्ही गाडीखाली होतात की. हात बाहेर आला, मी पाना दिला.

चोराच्या मनात चांदणं. गोपीनाथरावांना वाटलं, पोरीनं पिनेची चोरी ओळखली आहे आणि आता ती आपली फिरकी घेते आहे. ते गालातल्या गालात हसले, तिनंही हसावं म्हणून वाट बघितली. ती पोहे खात होती. पोर्चमध्ये जाऊन त्यांनी वाकून पाहिलं तेव्हा गाडीच्या मध्यभागी, हात पोचणार नाही अशा जागी, तेरा नंबरचा पाना पडलेला होता. त्याला ताजं ग्रीस होतं.

३

त्यानंतर गोपीनाथराव कान देऊन राहू लागले. तर्कशुद्ध माणूस कान देऊन राहू लागला की घरात फार आवाज होतात. कुकर, वरच्या टाकीची मोटर, रस्तोगीजींचं खाकरणं. या सगळ्यांतून एका सकाळी त्यांना रॅचेटचा, नट फिरवायच्या दातेरी पान्याचा, आवाज आला. किर्र, किर्र, थांबणं, परत किर्र. हिमानी त्यांच्यासमोर बसून दात घासत होती. उल्काबाई आत होत्या.

रॅचेटचा आवाज त्यांना आईच्या आवाजाइतका ओळखीचा होता. नट आवळताना हात जरा दमानं चालतो, सोडताना सैल चालतो. पोर्चमध्ये कुणीतरी नट सोडत होतं.

ते बाहेर गेले तर आवाज बंद. गाडीवर पाटी लटकत होती, जशी त्यांनी काम सुरू करताना तिच्या बाजूच्या आरशाला लावली होती तशीच. खाली कुणी नव्हतं. आडवं व्हायला अंथरलेला फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा तेवढा पडला होता. फरशी बर्फासारखी गार होती. गोपीनाथरावांनी पुठ्ठ्यावर तळहात ठेवला तर तो ऊबदार होता, आत्ताच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखा.

मांजर असणार. विकास नगरात मांजरं भरपूर. त्यांनी मांजराचा केस शोधला आणि एक सापडलाही, तेव्हा त्यांना एवढा आनंद झाला की तो केस त्यांनी उल्काबाईंना दाखवायला नेला. उल्काबाईंनी केस पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं आणि सांगितलं की हा तुमचाच आहे. पिकलेला आहे.

मांजर साधारण पावणेसहा फूट लांब असेल तरच तेवढा पुठ्ठा ऊबदार होईल, हे गणित त्यांच्या डोक्यात आपोआप झालं. इंजिनिअर माणसाला याचा फार त्रास असतो. ते गणित त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

४

जानेवारी सरत आला तसं पुण्याच्या कंपनीनं कळवलं की बुधवारी हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. हिमानी गच्चीवर फोनवर बोलत होती. वाळत घातलेली चादर काढायला म्हणून गेलेले गोपीनाथराव चादरीआड उभे होते. तिचं बोलणं त्यांना ऐकू आलं. ती म्हणत होती, वडिलांचं एक काम अर्धवट आहे, ते टाकून नाही येता येणार, मग भले तुम्ही दुसऱ्याला घ्या.

हेच तर त्यांना हवं होतं. पण चादर न काढताच ते खाली उतरले.

उल्काबाईंनी त्या दिवशी तोंड उघडलं. "अहो, पिन डब्यात कुणी ठेवली ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी गप्प बसले, कारण मलाही ती जायला नको होती. पण आता पुरे. पोर आहे ती आपली, गाडी नाही, ठोकळ्यावर चढवून ठेवायला."

गोपीनाथराव मान खाली घालून पोर्चमध्ये गेले आणि त्यांनी कामाला हात घातला तो असा की हिमानीलाही दम लागला. बाप आणि लेक जेवायचं भान विसरून खपले. पिस्टन बसले, गजन पिन आपल्या जागी गेली, देवघरातले व्हॉल्व्ह हळदीकुंकवासकट हेडमध्ये बसले. तीन बांबूंच्या तिकाटण्याला साखळी लावून इंजिन गाडीत उतरवलं. शनिवारी अंधार पडताना शेवटचा बोल्ट आवळून गोपीनाथरावांनी हात पुसले. सकाळी इंजिन चालू करायचं, संध्याकाळी हिमानीनं पुण्याची गाडी पकडायची, असं ठरलं. उल्काबाईंनी डब्यातले होते नव्हते तेवढे सगळे पोहे काढून लेकीसाठी चिवडा केला. कित्येक दिवसांनी सगळे टेबलावर जेवले.

रविवारी सकाळी पाटी काढायचा समारंभ होता. हिमानी फोनवर व्हिडिओ घ्यायला उभी राहिली. गोपीनाथरावांनी साहेबी थाटात आरशावरची पाटी उचलली. तिच्याखाली दुसरी पाटी होती.

तशीच लाल पत्र्याची. अक्षरांचं वळण तेच, कोपऱ्याला पोचा तोच. त्यांनी हातातली पाटी फिरवून पाहिली, तिलाही तो पोचा होता. उल्काबाईंना ते म्हणाले की ही माझी नाही. उल्काबाईंनी विचारलं, मग काय माझी आहे?

तेवढ्यात हिमानीनं बॉनेट उघडलं आणि तिचा व्हिडिओ बंद झाला. हेड निघालेलं होतं. त्याचे बोल्ट बाजूला कापडावर मांडले होते, मधल्यापासून बाहेर अशा क्रमानं, जसे गोपीनाथराव मांडायचे. इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडंही उतरवलेलं होतं. एक पिस्टन लाडवांच्या परातीत परत गेला होता आणि त्यात पिन नव्हती.

सगळ्यांनी गोपीनाथरावांकडे पाहिलं. त्यांनी खंडोबाची शपथ घेतली, रेल्वेची घेतली, पेन्शनची घेतली. उल्काबाई सरळ आत गेल्या आणि पोह्यांचा डबा आणून त्यांच्यापुढे उलटा धरला. डबा रिकामा होता. "या वेळी कुठे ठेवलीत?" त्यांनी विचारलं. माणसानं एकदा चोरी करावी आणि दुसऱ्यांदा खरं बोलावं, यासारखी वाईट वेळ नाही. झोपेत तर मीच हे केलं नसेल ना, अशी शंका गोपीनाथरावांना स्वतःलाच आली. पण एका माणसाचं हे रात्रभराचं काम होतं, आणि त्यांच्या नखांत काळ्याचा कणही नव्हता. झोपेत चालणारा माणूस नखं घासून झोपत नाही.

हिमानी रागावली नाही. तिनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती म्हणाली की तिकीट रद्द करते. कोई बात नहीं, बाबा.

५

गोपीनाथराव तिला म्हणाले, थांब, लगेच काही करू नकोस. लाटूश रोडला एक ओळखीचा दुकानदार रविवारीही मागच्या दारानं माल देतो, तिथून हेडखाली घालायचं नवं गॅस्केट आणतो, नशीब असेल तर पिनही मिळेल. ते काही संध्याकाळपर्यंत होणार नव्हतं. पण त्या दुसऱ्या पाटीसमोर उभं राहणं त्यांना जमत नव्हतं, आणि ती काढायला हातही धजत नव्हता. नियम म्हणजे नियम. पाटी आहे याचा अर्थ खाली माणूस आहे, हे वाक्य त्यांनी आयुष्यभर नव्या पोरांना शिकवलं होतं. ई-रिक्षात बसल्यावर ते त्यांना स्वतःला पहिल्यांदाच नीट ऐकू आलं.

परत आले तेव्हा दुपारचं पिवळट ऊन पडलं होतं. फाटकापाशीच त्यांना हिमानीचा आवाज आला. ती गाडीशेजारी स्टुलावर बसली होती, शाल घेऊन, मांडीवर पान्यांची गुंडाळी उघडून. ती खाली बघून हळू आवाजात बोलत होती. बाबा, अब बस भी करो. चाय ठंडी हो गई. मैं कहीं नहीं जा रही हूँ, आप आराम से करो.

गाडीखालून हात बाहेर आला.

तळवा वर, बोटं किंचित वाकलेली. हिमानीनं न बघता गुंडाळीतून तेरा नंबर काढला आणि त्यावर ठेवला. बोटं मिटली. ऊन नेमकं तिथंच पडलं होतं, म्हणून अंगठ्यावरचा पांढरा डाग गोपीनाथरावांना फाटकातून स्पष्ट दिसला. त्यांनी स्वतःचा अंगठा पाहिला. त्यावरही तो डाग होता. हातात गॅस्केटची पिशवी होती.

पान्यासकट हात आत गेला नाही. पाना फरशीवर ठेवून तो पुन्हा उघडा झाला आणि जरा पुढे आला. मग आणखी जरा, हिमानीच्या घोट्याच्या दिशेनं.

"हिमानी," गोपीनाथराव म्हणाले. आवाज चढवला नाही. कारखान्यात साखळीला टांगलेल्या बोज्याखाली कुणी उभं असलं की ओरडायचं नसतं, माणूस दचकून चुकीच्या बाजूला पळतो. "इकडे ये. माझ्याकडे बघत ये."

हिमानीनं मान वर केली. फाटकात बाप उभा होता, फिरायला जायच्या स्वच्छ स्वेटरमध्ये. ती उठली. पान्यांची गुंडाळी मांडीवरून घसरून खळखळत खाली पडली, पण तिनं मागं वळून पाहिलं नाही. ती शहाणी मुलगी होती. फाटकाशी येऊन तिनं एवढंच विचारलं, "मैं किसको दे रही थी?"

"मलाच," गोपीनाथराव म्हणाले. "मी पलीकडून बाहेर आलो."

तिनं त्यांच्या हातांकडे पाहिलं, स्वेटरकडे पाहिलं आणि दुसरा प्रश्न विचारला नाही. गोपीनाथरावांनी तिला सांगितलं की तिकीट रद्द करायचं नाही, सामान भरायचं आणि आत्ताच चारबाग स्टेशनला निघायचं. गाडीला अजून वेळ होता तरी फलाटावर बसू म्हणाले. हिमानी शब्दाचं काहीतरी बोलू लागली, तेव्हा त्यांनी तिला थांबवलं. "शब्द मी परत दिला. जा बेटा." इतक्या आठवड्यांत त्यांना हे एक वाक्य सुचलं नव्हतं, आणि आता ते म्हणताना त्यांना रडू आलं.

उल्काबाईंनी चिवड्याचा डबा बॅगेत कोंबला. घरातून निघताना तिघंही मागच्या दारानं निघाले. पोर्चमधून का नाही, हे उल्काबाईंनी विचारलं नाही. गाडी सुटली तेव्हा हिमानी खिडकीतून हात हलवत होती. गोपीनाथरावांनीही हात वर केला आणि लगेच खाली घेतला. तो उघडा तळवा त्यांना बघवला नाही.

६

सोमवार घरातच काढून मंगळवारी ऊन आल्यावर ते पोर्चमध्ये गेले. उल्काबाईंनी अडवलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून लक्ष ठेवते म्हणाल्या आणि हातात लाटणं घेऊन उभ्या राहिल्या. लाटण्याचा कुणाला काय उपयोग होणार होता ते त्यांचं त्यांना ठाऊक.

स्टूल तसंच होतं. गोपीनाथराव त्यावर बसले. गुडघे वाजले. आयुष्यात ते या बाजूला कधी बसलेच नव्हते. इथून गाडीखालचा अंधार फार जवळ दिसत होता.

बराच वेळ काही झालं नाही. मग हात बाहेर आला.

त्यांनी तेरा नंबर दिला. हातानं तो चाचपला आणि हलकेच फरशीवर ठेवला. बारा दिला, तोही ठेवला. चौदा दिला. तळवा उघडाच. गोपीनाथरावांना कळून चुकलं की त्याला पाना नको आहे. हे त्यांना कळायला नको होतं, पण त्यांच्याइतकं ते दुसऱ्या कुणाला कळणार?

"ती गेली," ते म्हणाले. "पोचली असेल आता."

हात हलला नाही. त्यांना वाटलं, आता हा आपल्याला धरणार. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. हिमानीचा निरोप होता. रूमवर पोचून चिवडा खायला घेतला, असं लिहिलं होतं, आणि खाली फोटो होता. तिच्या तळव्यावर गजन पिन, हळदीनं पिवळी झालेली, तिला मोहरीचे दाणे चिकटलेले. बाबा, आप भी ना, तिनं लिहिलं होतं. ठीक है, होली पे लेकर आऊँगी. मेरे बिना इंजन मत जोड़ना.

गोपीनाथरावांनी पिन चिवड्यात ठेवली नव्हती. उल्काबाईंनी चिवडा केला तेव्हा तर ती इंजिनात होती, त्यांनी स्वतः बसवलेली. ते फोनकडे बघत बसले. अंगावर काटा आला, हे खरं. पण काटा यायच्या आधी, अगदी आधी, त्यांना आनंद झाला होता, आणि तो झाल्याचं त्यांना कळलंही होतं. होळीला ती येणार होती.

त्यांनी लिहिलं: पिन लगेच फेकून दे, आणि गाडीचं काम संपलं असं समज. बोट पाठवायच्या खुणेवर नेलं. ते तिथं बराच वेळ राहिलं. मग त्यांनी सगळं पुसलं आणि लिहिलं: जपून ठेव.

निरोप गेला तसा हात आत गेला. घाई न करता गेला, काम झालेल्या माणसाचा जातो तसा. थोड्या वेळानं आतून रॅचेटचा आवाज येऊ लागला, सैल आणि निवांत.

खिडकीतून उल्काबाईंनी विचारलं की अहो, काय झालं, आहे का कुणी? गोपीनाथराव म्हणाले की कुणी नाही. मग त्यांनी आपली पाटी उचलली, आरशावरच्या त्या दुसऱ्या पाटीवर नीट बसवली आणि सांगितलं की गाडीला अजून होळीपर्यंत तरी वेळ लागेल.